नसलेल्या बायकांचे फौजदार

आढाव गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, मी फाटकाला कुलूप घालत होतो, आणि घाटावरून येणारी गाडी स्टँडवर न जाता शाळेपुढंच थांबली. कंडक्टर खाली उतरला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे फौजदार... वरच्या फाट्यावर लिंबाखाली बसले हुते. आमी घंटी मारली, हाक मारली. मला वाटलं, डोळा लागलाय." त्यानं नुसतं गाडीकडं बोट केलं. मी आत चढलो. गाडीतली सगळी माणसं पुढच्या बाजूला दाटीवाटीनं उभी होती आणि मागचा लांब बाक आढावांना मोकळा करून दिलेला होता. कुणीतरी आपला पंचा त्यांच्या तोंडावर टाकला होता. पायांत टायरच्या तळाच्या चपला, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना हे कसं सांगायचं, एवढाच विचार करत मी त्यांच्या पायाशी बसून घरापर्यंत आलो.

याला आता सात आठवडे झाले. गावातले लोक त्यांच्याविषयी दोन तऱ्हेनं बोलतात. काही म्हणतात, देवमाणूस होता, डोक्यानं गेला. काही म्हणतात, एका गरिबाचा हात मोडला, त्याचं फळ मिळालं. दोन्ही बोलणी माझ्यासमोर होतात आणि दोन्ही वेळा मी गप्प बसतो. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांच्याविषयी लिहावं इतके ते मोठे नव्हते, आणि मी लेखक नाही, शाळामास्तर आहे. पण जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून लिहितो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही; नगरच्या पूर्वेकडचा कोरडा तालुका एवढं सांगितलं तरी पुरे. यातली माणसं अजून तिथंच राहतात.

एकनाथ आढाव आमच्या तालुक्याला बदलून आले ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी. माणूस राहुरीकडचा, पाण्याच्या मुलखातला. आमच्याकडचे माळ बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मास्तर, इथं लोक भांडतात तरी कशावरून?" त्यांची खोली आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. मूलबाळ नव्हतं. रविवारी आम्ही उपासना आटोपून घरी आलो की ते येऊन ओट्यावर बसायचे. माझ्या बायकोच्या, रूथच्या हातचा चहा आणि माझ्याकडची जुनी मासिकं, या दोन गोष्टींसाठी येतो असं सांगायचे. खाकीतला इतका मवाळ माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शिपायालाही 'अहो' म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं. त्यांचा पंचनामा वाचताना एखादा धडा वाचल्यासारखं वाटायचं.

मग दुष्काळ आला. बायकापुरुष खडी फोडायला गेले, मुलं शाळेत वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या खाऊपुरती यायला लागली. विहिरी तळाला गेल्या तशी गावोगाव गाळ काढायची कामं निघाली. शिवारातल्या एका जुन्या विहिरीचा गाळ उपसताना एका माणसाच्या कुदळीला हाड लागलं. आढावांनी मला पंच म्हणून बोलावलं. मी दोराला धरून खाली उतरलो. गाळात एका बाईचा सांगाडा होता. हिरव्या काचेच्या बांगडीचे तुकडे, पायाच्या बोटांत जोडवी, आणि घोट्याला सुंभाचा कुजलेला दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला जात्याची तळी बांधलेली. मी वर बघितलं तर विहिरीच्या काठावर शे-दीडशे माणसं वाकून उभी होती. आढाव माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, आपणहून उडी टाकणारी बाई पायाला जातं बांधून घेत नाही."

त्यांनी वर येऊन लोकांना विचारलं, "कोण असंल ही? कुणाच्या घरातली बाई नाहीशी झालीय?" एक म्हातारा म्हणाला, "सायेब, जित्या मान्साला प्यायला पानी न्हाई. मेलेलीचं काय घिऊन बसलाव?" त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण आढावांना ते वाक्य लागलं. रात्री नाही, दिवसा नाही, ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. "एक अख्खी बाई कमी झाली आणि कुणाच्याच हिशोबाला लागली नाही," ते म्हणायचे. "कुणीच शोधली नाही. तक्रार नाही, अर्ज नाही, चौकशी नाही. शेळी हरवली तर माणूस चौकीत येतो, मास्तर."

त्यांनी एक वही घातली. दौऱ्यावर जिथं जातील तिथं, खडीच्या कामावर, पिठाच्या गिरणीपाशी, ते एकच प्रश्न विचारायचे : तुमच्या गावातली कुठली बाई आता दिसत नाही? नाव निघालं की पुढं दुसरा : तिची जोडवी कशी होती? पहिल्या महिन्यात सदतीस नावं झाली. आमच्याकडची निम्मी माणसं दरसाल ऊसतोडीला जातात, कोण परत येतं, कोण येत नाही. आढावांनी त्या सदतीस बायकांचा एकेकीचा माग काढायला सुरुवात केली. कुणी माहेरी निघून गेलेली सापडली, कुणी दुसरं घर केलेली, कुणी उसाच्या फडात बाळंतपणात गेलेली. सापडली की ते वहीतल्या नावावर रेघ मारत आणि रविवारी ओट्यावर येऊन मला सगळं सांगत. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला गोडी वाटायची. दुष्काळात शाळेत दुसरं काय चाललं होतं? आठवडाभर मी रविवारची वाट बघायचो.

एकदा सुमनवहिनी पाणी मागायच्या निमित्तानं आल्या आणि दारातच थांबल्या. "मास्तर, यांना तुमी तरी सांगा की. जेवताना सुदिक त्या बाईचं बोलत्यात. झोपेत बोलत्यात. ती मेलेली हाय... मी जिती हाय." मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

उलट त्याच रविवारी मी त्यांना एक नाव दिलं. वहीतल्या बहुतेक नावांवर रेघा पडल्या होत्या, आढाव निराश झाले होते. चहाचा कप खाली ठेवता ठेवता मी म्हणालो, "आमच्या मागच्या आळीतल्या सोपान मुकादमाची बायको, कौसा, चार वर्षं दिसली नाही. तो म्हणतो, पळून गेली." मला आजही तो कपाचा आवाज आठवतो. आढावांनी खिशातनं पेन काढलं. मी बोललो ते खोटं नव्हतं. पण तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे याचाच मला आनंद झाला होता.

सोपान ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. तोंडाचा फटकळ, दारू पिणारा. बायकोला मारतो हे आळीला ठाऊक होतं. चार वर्षं हा काळही सांगाड्याशी जुळत होता. आढावांना वाटलं, सापडला. त्या दिवसापासून वही मिटली आणि सोपान उघडला. त्याच्या घरासमोरच्या पारावर ते सकाळी येऊन बसायचे, गणवेशात, काही न बोलता. तो बाजारात गेला की मागं बाजारात. पाऊस झाल्यावर हंगाम सुरू झाला आणि सोपानची टोळी श्रीगोंद्याकडं कारखान्याच्या फडावर गेली, तर आढाव रजा टाकून तिकडं गेले. तोडणी कामगारांच्या कोप्यांसमोर, पाचटाच्या झोपड्यांसमोर, एक खाट टाकून चार दिवस बसून राहिले. पोलीस ज्याच्या दारात बसतो त्याच्या टोळीत कोण राहील? माणसं एकेक करून दुसऱ्या मुकादमाकडं गेली. वरिष्ठांनी त्यांना लेखी कळवलं की पुरावा नाही, प्रकरण बंद करा. ते पत्र त्यांनी मला दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "यांनी ती विहीर बघितलेली नाही," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे खोल गेले होते. दाढी वाढलेली. शिपाई त्यांच्यासमोर उभे राहायला घाबरायला लागले होते.

फडावरून परत आल्यावर सोपान एका दुपारी शाळेत माझ्याकडं आला. वर्गाबाहेर उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. "मास्तर, तुमी त्यांचे दोस्त. त्यांना सांगा. म्या कौसाला हानत हुतो. खोटं कशाला बोलू, लई हानलं. पन जिवं मारलं न्हाई. ती तिच्या पायानं गेली." मी ते जसंच्या तसं आढावांना सांगितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून तरी ते थांबतील. त्यांनी अर्धंच ऐकलं. "हाणत होता, हे तो स्वतःच म्हणाला ना?" ते म्हणाले, आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी सोपानला आत घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. कबुलीच्या पंचनाम्याला पंच हवा होता, आणि पहिल्या पंचनाम्याचा पंच मीच. सोपान भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. आढावांनी वाचून दाखवलं : आरोपीनं राजीखुशीनं सांगितलं की बायकोला मारून, पायाला जात्याची तळी बांधून विहिरीत टाकली... अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं. मी सोपानच्या उजव्या हाताकडं बघितलं. बोटं वांग्यासारखी सुजलेली, काळीनिळी. मी आढावांकडं बघितलं. ते म्हणाले, "सही करा मास्तर. तिला चार वर्षांनी न्याय मिळतोय." मी सही केली. राजीखुशीनं म्हणजे काय, हे शाळेत मुलांना शिकवणारा मी.

सोपानला नगरला नेलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी एका कागदावर सही राहिली म्हणून मी चौकीत गेलो होतो. दुपारची वेळ. आढाव टेबलाशी लिहीत होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. काळी, काटक, कडेला बोचकं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे.

"हितं फौजदार कोन हाय?"

"मीच. काय काम?"

"माझा खून झालाय म्हनं."

मला आधी कळलंच नाही. आढावांना कळलं. त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "नाव काय तुझं?"

"कौसा. सोपान मुकादमाची... हुते. आता नेवाशात असते. तिथं एका मठात भाकरी थापते. बाजारात बाया बोलत हुत्या, मुकादमानं बायकू मारली, धरून नेलं. म्या इचारलं, कोन मुकादम? मंग आले."

आढाव तिच्या पायांकडं बघत होते. ती म्हणाली, "काय बगता? जोडवी म्या गेले त्याच दिशी काडून ठिवली."

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. आढाव उठले, आपली खुर्ची त्यांनी तिच्यापुढं सरकवली आणि हसले. किती महिन्यांनी मी त्यांना हसताना बघितलं. "बाई, तू जिवंत आहेस," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "जिवंत आहेस तू." त्या क्षणी त्यांना खरोखरीचा आनंद झाला होता, मी शपथेवर सांगतो. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. आपण काय केलं ते त्यांना दिसायला लागलं होतं.

"तो तुला मारत होता," ते कसंबसं म्हणाले. "मग त्याच्यासाठी कशाला आलीस?"

"हानत हुता म्हून सोडला त्येला. पुन्यांदा त्याच्या घरात पाय ठिवनार न्हाई," कौसा म्हणाली. "नवरा वाईट हाय, सायेब. पन जे त्यानं केलं न्हाई, ते त्याच्या डोक्यावर नगा घालू." तिनं पाणी प्यायलं, जबाबावर अंगठा दिला आणि संध्याकाळच्या गाडीनं नेवाशाला परत गेली.

सोपान सुटला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. त्या हातात कोयता बसेना. नगरला खात्याची चौकशी लागली. मला साक्षीला बोलावलं. कबुली राजीखुशीनं होती का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, माझ्यासमोर तरी कुणी हात लावला नाही. हे अक्षरशः खरं होतं आणि मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. हाताला काही इजा दिसली का? मी म्हणालो, लक्ष गेलं नाही. तेवढ्यात आढाव उभे राहिले. "साहेब, मास्तर माझ्यासाठी खोटं बोलतायत. त्यांना यातनं वगळा. मी मारलं. दोन दिवस मारलं. त्याला पेन धरता येत नव्हतं, अंगठा मी धरून उठवला." त्यांची नोकरी गेली. मला ताकीदही मिळाली नाही.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. गाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही खोटं बोललात तेव्हा मला माझंच अक्षर दिसलं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लोकांना वाटलं, ते राहुरीला जातील. गेले नाहीत. वहिनींनी शिलाई मशीन घेतलं, आढाव तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. आणि दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, ते सोपानच्या घरी जायचे. हे मला वहिनींनीच सांगितलं. दारात उभं राहून एवढंच म्हणायचे, "सोपानराव, माझं चुकलं." सोपान उठून आत जायचा. हे परत यायचे. पुढच्या बुधवारी पुन्हा. मी एकदाही त्यांच्याबरोबर गेलो नाही. मागच्या आळीतून जायचंच मी सोडून दिलं होतं; शाळेला लांबच्या वाटेनं जायचो.

विहिरीतली बाई मात्र त्यांनी सोडली नाही. आता अंगावर खाकी नव्हती, म्हणून की काय, लोक त्यांच्याशी जास्त बोलायचे. अर्ज लिहिता लिहिता बाया सांगायच्या, अमकीची लेक, तमकीची सून. सुटीच्या दिवशी ते पायीच निघायचे. शेवटचे भेटले ते जाण्याच्या आदल्या दिवशी. घाटावरच्या एका वस्तीवर म्हातारी आई आहे, लेक आमच्या बाजूला दिलेली, कित्येक वर्षं पंचमीला माहेरी आली नाही, असं कळलं होतं. "उन्हाचं कशाला जाता?" मी म्हणालो. "म्हातारी वाट बघत असंल," ते म्हणाले. तिला ते येणार हे माहीतही नव्हतं.

त्यांचा दहावा झाल्यावर मी त्या वस्तीवर गेलो. म्हातारीला दिसत कमी. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "आले हुते. लई येळ बसले. माझ्या लेकीचं समदं इचारलं. काय खायाची, कशी हसायची, गानं म्हनायची का... म्या सांगत बसले. कुनी इचारतच न्हाई वो तिचं." मी विचारलं, "जोडव्यांचं काही विचारलं का?" "न्हाई बा." तालुकाभर ज्यानं तो प्रश्न विचारला, त्यानं तो त्या घरात विचारला नाही. त्यांना कळलं होतं म्हणून, की कळून घ्यायचं नव्हतं म्हणून... मला सांगता येत नाही. माझ्याजवळ पंचनाम्याची नक्कल होती, जोडव्यांचं वर्णन होतं. मी ती खिशातनं बाहेर काढली नाही. निघताना म्हातारी म्हणाली, "ते पुन्यांदा येतो म्हनले हुते. आले न्हाईत?" मी म्हणालो, येतील.

मागच्या बुधवारी मी वहिनींकडं त्यांची कागदपत्रं लावून द्यायला गेलो होतो. वहिनी आत होत्या. मी ओट्यावर बसलो होतो तेवढ्यात सोपान आला. वर्षभरात मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तो पायरीवर बसला. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, "आज बुधवार. वरीसभर आले. म्या एक दिस सुदिक बोललो न्हाई. मनात हुतं, अजून थोडं येऊ द्यावं, मंग बोलावं. त्यांचं काय घाई न्हवती... आता माफी कुनाला देऊ, मास्तर?"

वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर, त्या ओट्यावर, माझ्या तोंडून आलं, "सोपानराव, तुमचं नाव त्यांना मी दिलं होतं. तुमची बोटं मी बघितली होती. बघून सही केली." बोललो ते इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

सोपाननं मान वळवली. "ह्या कानानं येत न्हाई ऐकू," तो म्हणाला. "तवापास्नं. हिकडून बोला."

मी उठलो. पायऱ्या उतरून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो आणि सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.